खिडकीवरची गोधडी

दौंड
४ फेब्रुवारी २०२५

आईस रश्मीचा जयभीम.

यशूचं वजन या महिन्यात वाढलेलं नाही. काल अंगणवाडीच्या सुलक्षणाताईंनी तिला काट्याच्या झोळीत दोनदा ठेवून पाहिलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं काटाच अडकलाय. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं कार्डावर लिहिलं. शिरूरहून मी तिला इथं आणली तेव्हा ती जेवढी होती तेवढीच आहे.

आज सरकारी दवाखान्यात दाखवून आलो. डॉक्टरबाईंनी छाती, पोट, घसा सगळं तपासलं, रक्त-लघवीही तपासली. आजार काही नाही म्हणाल्या. पोटात जातंय ते तिला पुरत नाही, एवढंच म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. मार्चच्या वजनातही फरक दिसला नाही तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती करून सगळ्या तपासण्या करायच्या. आई, रक्त घेताना तिच्या हाताला शीर सापडत नव्हती. पुण्याला काय काय करतील याचा विचारच करवत नाही.

फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा कान गेल्यापासून मला ओरडावं लागतं, आणि मला नीट ऐकू येतं हे तुला पटत नाही म्हणून तूही ओरडतेस. कंपनीनं विनोदला कायम नाईट लावली आहे. कुरकुंभहून तो सकाळी येतो तो झोपेने तारवटलेलाच. दोन खोल्यांच्या घरात एवढ्या मोठ्यानं कुठं बोलू? म्हणून संपतच्या भाजीच्या टेम्पोत तुझ्या रिकाम्या डब्याबरोबर हे पत्र देते आहे.

दिवसा यशू इतकी शहाण्यासारखी झोपते की शेजारच्या साळूबाई म्हणतात, "तुमच्याकडं लेकरू हाय का न्हाई तेच कळंना." विनोद निघून गेला की मात्र बाईसाहेब जाग्या होतात. दोन घोट प्यायलं की खेळ, मग रड, मग पुन्हा दोन घोट. मी एकटीच असते. परवा भाकरी तव्यावर टाकली आणि गॅस पेटवायचाच राहिला. बराच वेळ ती फुगायची वाट बघत उभी होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवसा झोपली असली तरी उठवून पाजा. पण उठवलं की ती किंचाळते, आणि मग विनोद उठतो. रात्रभर कंपनीत उभं राहून आलेल्या माणसाला कसं उठवायचं? तू काय म्हणतेस ते लिही. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?

तुझी,
रश्मी

*

शिरूर
८ फेब्रुवारी २०२५

रश्मीस आईचा जयभीम.

पत्र आन् रिकामा डबा संपतनं आणून दिला. म्हणतो, "मावशी, मी भाजीवाला हाय का पोस्टमन?" म्या म्हणलं, तू आधी चहा पी, मग ठरवू.

तुझ्या आप्पांचं ऑपरेशन परवाच झालं. डोळ्यावर पट्टी हाय, आन् थेंब टाकायची बाटली मी पदराला बांधून फिरती. न्हाईतर मी आत्ता तुझ्या दारात असती. पत्र वाचून दाखवलं तवा ते म्हणले, "दौंडचं पाणीच वंगाळ." दौंडचं पाणी त्यांनी एकदाच पेलंय, तुझ्या लग्नात.

लेकरू वाढंना कारण तू खात न्हाईस. हितं व्हतीस तवा मी समोर बसून ताट संपवून घेत व्हते, तवा लेकरू कसं फुगलं व्हतं! मेथीचे लाडू पाठवले हायेत. अळीव पाठवलंय. शेपू घे, बाजरीची भाकर खा, कोरडं खाऊ नगं.

आन् झोपलेलं लेकरू उठवायचं न्हाई. डॉक्टरबाईचं शिक्षण मोठं असंल, पर झोपेतच लेकरू वाढतं हे कुणीबी सांगंल. दिवसा झोपती ती तुझी पुण्याई हाय. चार बायांची पोरं दिवसभर टाहो फोडत्यात.

सोबत गोधडी हाय. माझी दोन जुनी लुगडी आन् आप्पांचा निळा सदरा घालून शिवली. सदरा त्यांना न विचारता घेतला. पट्टी निघंपर्यंत त्यांना कळायचं न्हाई.

एक इचारती, राग मानू नगं. विनोदराव दिवसभर घरीच असत्यात म्हणतीस, मग करत्यात काय?

तुझी आई,
रंभा

*

दौंड
११ फेब्रुवारी २०२५

आईस रश्मीचा जयभीम.

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. ती दिवसा झोपते म्हणजे माझंच काही चुकतंय, असं मनात येत होतं. आता तिला उठवत नाही. लाडू रोज खाते. अळीव खाल्ल्यावर दूध इतकं येतं की कपडे बदलावे लागतात. तेव्हा दूध कमी आहे असं तरी मला वाटत नाही. पण यशू ओढतच नाही.

गोधडी फार सुंदर झाली आहे. आप्पांच्या सदऱ्याचा खिसा तू तसाच ठेवलास ते पाहून हसू आलं. तिच्या अंगावर घालायला अजून जड होते म्हणून सध्या खिडकीला लावली आहे. आमची खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन नेमकं विनोदच्या तोंडावर यायचं. साधा पडदा पुरत नव्हता. आता खोलीत इतका छान अंधार होतो की दुपार आहे की रात्र तेच कळत नाही. दोघंही गाढ झोपतात.

घर शांत ठेवायची मला आता सवय झाली आहे. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली आहे. दूधवाल्याला सांगितलंय, हाक मारू नको, पिशवी कडीला अडकव. कुकर, मिक्सर, धुणं, सगळं विनोद कंपनीच्या बसला गेल्यावर काढते. यशू जागीच असते, तिला शेजारी ठेवते, सगळे दिवे लावते आणि सोबतीला टीव्ही चालू ठेवते. दिवसा ती जरा चुळबुळली की लगेच चोखणी तोंडात देते. दोन मिनिटांत पुन्हा झोपते. सोळा आण्यांची पोरगी आहे गं, नुसतं वजन तेवढं वाढायला हवं.

विनोदला काही बोलू नकोस. करतो काय, असं विचारलंस. झोपतो. दुसरं काय करणार? संध्याकाळी उठतो, चहा घेतो, तिच्याकडे जरा वेळ बघतो आणि बस येते. त्याचं वजनही कमी झालंय, पण त्याला कोण झोळीत घालून मोजणार?

आप्पांना थेंब वेळेवर टाक.

तुझी,
रश्मी

*

शिरूर
१५ फेब्रुवारी २०२५

रश्मीस आईचा जयभीम.

खिडकीला? ती गोधडी म्या लेकरासाठी शिवली, जावयाच्या झोपेसाठी न्हाई. बोटाला सुया टोचून घेतल्या त्या काय खिडकी झाकायला?

बेल काढली म्हणतीस, कुकर लावत न्हाईस म्हणतीस, रातीची धुणं धुतीस. वल्या बाळंतिणीनं रातीचं पाण्यात हात घालायचा? कुणासाठी? तर साहेब घोरत पडलेत म्हणून! बाकीची माणसं नाईट करत न्हाईत का? आपल्या आळीतला नवनाथ रांजणगावला नाईट करतो आन् दिवसा दोन पोरं शाळंतून आणतो. तुझा नवरा लेकराकडं जरा वेळ बघतो म्हणं. लेकरू काय टीव्ही हाय?

मलाबी आता सहन हुईना. हितं तुझे आप्पा. डोळ्याला उजेड लागतो म्हणून मी खोलीचं दार-खिडकी लावून घेतली, तर हा माणूस दिवसभर ढाराढूर झोपतो आन् रातभर जागा. "रंभे, चहा कर. रंभे, कोंबडा आरवला का? रंभे, बाहेर कोण बोलतंय?" बाहेर कोण बोलणार, कुत्रीबी झोपलेली असत्यात. दिवसा ताट समोर ठेवलं तर दोन घास खाऊन पुन्हा आडवा. मलाबी आता दिवस-रात कळंनाशी झालीय. काल भाजीच्या गाड्यावर बसल्या बसल्या झोपले, गिऱ्हाईकानंच कोथिंबीर मोजून घेतली.

तरी मी ठरवलंय. आप्पांचं काय व्हायचं ते हुईल, तू आन् लेकरू हितं या. पुढल्या खेपंला संपत तुम्हाला घेऊन येईल, पुढच्या सीटवर बसवंल, मी त्येला सांगितलंय. मार्चचं वजन शिरूरलाच करू. माझ्याजवळ व्हती तवा वाढत व्हती, पुन्हा वाढंल. पुण्याला न्ह्यायचं काम पडायचं न्हाई. कपडे भरून ठेव. घोरणाऱ्याला घोरू दे.

तुझी आई,
रंभा

*

दौंड
१८ फेब्रुवारी २०२५

मामींना विनोदचा जयभीम.

जावयानं सासूला पत्र लिहायची आपल्यात पद्धत नाही, पण तुमचं पत्र माझ्या हाती आलं. डब्यात लाडू शोधत होतो. रश्मीनं ते डब्याखाली ठेवलं होतं, वाचून रडली असणार, कागद ओला होता.

आधी मुद्द्याचं सांगतो. आज यशूला पुन्हा दाखवलं. वजन अगदी किंचित वर आहे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एवढ्यानं भागणार नाही. पुण्याच्या दवाखान्याच्या नावानं त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आहे. मार्चच्या पहिल्या सोमवारी अंगणवाडीत वजन होईल. तेव्हा नीट वाढलेलं नसेल तर ती चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी निघायचं.

मी घोरतो हे खरं आहे. बाकी दोन गोष्टी तुम्हाला माहीत नाहीत, आणि रश्मीलाही नाहीत.

पहिली ही की कायम नाईट मला कंपनीनं लावलेली नाही. मी मागून घेतली. रश्मी लेकराला घेऊन इथं येणार हे ठरलं तेव्हा मी साहेबाकडे गेलो आणि म्हणालो, मला नाईट शिफ्टच द्या. मनात हिशोब सोपा होता. रात्री लेकरू झोपेल, रश्मी झोपेल, माझी काय गरज? दिवसा मी घरी, लेकरू माझ्याकडे, रश्मीला आराम. तिला सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून कंपनीचं नाव केलं. प्लँटमधले लोक हसले. आमचा हेल्पर मुन्ना म्हणाला, "भैया, नाईट से सब भागते हैं, आप माँग रहे हो?"

झालं उलटंच. मी सकाळी येतो तेव्हा यशू झोपलेली. संध्याकाळी निघतो तेव्हा डोळे उघडत असते. माझ्या मुलीचे डोळे उजेडात कसे दिसतात ते मी धड पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की अंधार मी मागितला नव्हता. तुम्ही म्हणता गोधडी जावयाच्या झोपेसाठी लावली. मामी, मी कंपनीच्या बसमध्ये, गाणी आणि हॉर्न चालू असताना, दांडीला डोकं टेकून झोपतो. मला अंधार लागत नाही. पहिल्या दिवशी घरी आलो तर रश्मी पायातल्या जोडव्यांना कापड गुंडाळून चालत होती, आवाज होऊ नये म्हणून. वाटलं, तिला एवढं करावंसं वाटतंय तर करू दे. बऱ्याचदा दुपारी मला जाग येते. अंधारात यशू चोखणी चोखते त्याचा आवाज ऐकू येतो. मी डोळे मिटून पडून राहतो. मी उठलोय हे कळलं तर रश्मीला वाटेल, आपली सगळी मेहनत वाया गेली.

गेल्या आठवड्यात मशिनच्या पॅनलसमोर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मुन्नानं खांदा हलवला म्हणून बरं. आमच्याकडे डोळा लागून चालत नाही, तिथं काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगत नाही.

तुम्हाला त्या दोघींना न्यायचं असेल तर न्या. मी नाही म्हणणार नाही. तिथं यशू वाढत होती हे खरंच आहे. पण तिथं असं काय होतं जे इथं नाही, हे मला कळलं असतं तर बरं झालं असतं.

मामांच्या डोळ्याला आराम पडो.

आपला,
विनोद

*

शिरूर
२० फेब्रुवारी २०२५

रश्मीस आन् विनोदरावांना आईचा जयभीम.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. एकमेकांपासून काय लपवलं असंल ते लेकरासमोर सांगून मोकळे व्हा, तिला काय कळत न्हाई.

विनोदरावांचं पत्र मी तुझ्या आप्पांना वाचून दाखवलं. आपल्या वाचण्याला आवाज लई, त्यामुळं ते निम्म्या आळीनंबी ऐकलं. त्येचं काय न्हाई, आळीला आधीच सगळं ठावं असतं.

मधल्या काळात हितं काय झालं ते सांगती. आप्पांना तपासणीला नेलं. डॉक्टरनं पट्टी काढली आन् मला म्हणला, "आजी, यांना दिवसभर कोंडून कशाला ठेवता? काळा चष्मा दिलाय ना? बाहेर उजेडात बसवा, माणसात बसवा." मी आल्या आल्या दार-खिडकी उघडली, ओट्यावर खुर्ची टाकली, चष्मा घालून बसवलं. येणारा-जाणारा बोलतोय, शाळंतली पोरं "हिरो, हिरो" म्हणून चिडवत्यात. दुपारी ताट पुरं खाल्लं. त्या रातीला कोंबडा बिंबडा काय न्हाई, सरळ झोपले. मी मधीच उठून बघितलं, माणूस जिता हाय ना.

तर विनोदरावांनी शेवटी इचारलं हाय, शिरूरला काय व्हतं जे तिथं न्हाई. मी अजून इचार करतीय, तवर हे चष्म्याआडून म्हणले, "अगं, हितं दिवस व्हता. सकाळ झाली की तू भांडी आपटायचीस, गाड्यावर ओरडायचीस, बाया यायच्या, लेकराला घेऊन ओट्यावर बसायच्या. मला जसं अंधारात कळंना तसं त्या पोरीलाबी कळंना झालंय. तिच्या लेखी आत्ता रातच चाललीय. रातीला कोण जेवतं?"

मी मान्य करती. घरात तेवढंच एक शहाणं माणूस हाय, आन् त्येलाबी अजून धड दिसत न्हाई.

आता ऐका. गोधडी खाली काढ. धुऊन वाळत घाल. खिडकी उघड. बेलची वायर जोड, कुकर दिवसाचा लाव. चोखणी फेकून दे. लेकरू भुकेनं हलतं तवा तू तिला चोखणी देऊन पुन्हा झोपवतीस, ते पत्रात लिहिलं व्हतंस आन् मी वाचूनबी पुढं गेले. माझं ध्यान खिडकीवर व्हतं. झोपलेलं लेकरू उठवू नगं असं मी लिहिलं ते खोडून टाक. डॉक्टरबाई म्हणतात तसं उठव आन् पाज. शिरूरला व्हती तवा कुणाला उठवायचं कामच पडत न्हवतं, माझ्या आवाजानंच उठायची.

रातीला दिवा बारीक, टीव्ही बंद, बोलणं न्हाई. पाज आन् झोपव.

संपतला सांगितलंय, लेकराला आणू नगं. त्यो म्हणला, "मावशी, सीटवर चादर टाकून ठेवली व्हती." त्येला लाडू दिला.

विनोदराव, घोरत पडलेत असं लिहिलं ते मनावर घेऊ नका. घोरा. उजेडात घोरा. आन् ती नाईट ज्या साहेबाकडून मागितली त्येच्याकडंच परत देऊन या.

तुमची,
रंभा

*

दौंड
१ मार्च २०२५

आईस रश्मीचा जयभीम.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की डोळे मिटतात. आज विनोदची सुट्टी आहे, यशू त्याच्याकडे आहे, म्हणून एवढं लिहिते.

गोधडी त्याच दिवशी काढली. खिडकी उघडली तेव्हा ऊन थेट आत आलं. यशूनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि असा आवाज काढला की साळूबाई धावत आल्या. "आत्ता कळलं," म्हणाल्या, "तुमच्याकडं लेकरू हाय ते." तिला उठवायला काय काय केलं ते विचारू नकोस. तळव्यांना ओलं फडकं लावलं, झबलं काढलं, कानाची पाळी चोळली. दोन घोट घ्यायची आणि पुन्हा मान टाकायची. पहिले काही दिवस आम्ही तिघंही रडलो. विनोद म्हणतो तो रडला नाही, त्याच्या डोळ्यांत साबण गेला होता.

तू लिहिलंस तसं सोपं नव्हतं गं. दिवसा उठवायची म्हणजे दिवसा जागी राहायचं, आणि रात्रीची तिची सवय काही एकदम मोडली नाही. त्या आठवड्यात मी दोन्हीकडून जागी होते. एकदा मी विनोदला म्हटलं, लाव परत ती गोधडी, मला नाही जमत. तो उठला, गोधडीची घडी घातली आणि पेटीत ठेवून वर बसला. तसाच बसून झोपला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी हलला नाही. घोरत होता. मला तेव्हा हसू आलं आणि इतका राग आला की काय सांगू. एवढे दिवस मी जोडव्यांना कापड गुंडाळून कुणासाठी चालत होते?

नाईटचं त्यानं मला सांगितलं. मी दिवसभर भांडी आपटली. मग विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू तरी कुठं विचारलंस, तुला अंधार हवा का म्हणून?" ते बरोबर होतं, म्हणून मी आणखी थोडा वेळ भांडी आपटली.

आता दिवसाला जरा आकार आला आहे. नळाला पाणी आलं की तिची आंघोळ, आणि आंघोळीनंतर पोटभर पाजणं. तेव्हा ती सगळ्यात चांगली पिते. मग विनोद येतो, तिला घेऊन ओट्यावर बसतो आणि मी तेवढ्यात आडवी होते. पहिल्या दिवशी उजेडात तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कुणी पाहुणा आलाय तसं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "ओळख दे की," तो तिला म्हणत होता, "बाप आहे तुझा." तिला शिंक आली. त्यानं ती ओळखच धरली आहे. दुपारी शाळा सुटते त्या गलक्यात ती आपणहून उठते आणि चोखणी शोधण्याऐवजी मला शोधते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर टीव्ही नाही. रात्री अजूनही उठते, पण पिते आणि बारीक दिव्यात परत झोपते. परवा तर मला जाग आली ती सकाळच्या पाण्याच्या आवाजानं. मी घाबरून आधी तिच्या छातीवर हात ठेवला. तू आप्पांना बघितलंस तसं.

काल आंघोळीला उचलली तेव्हा हाताला जड लागली. पण माझ्या हातांवर मी आता विश्वास ठेवत नाही. थकलेल्या हाताला सगळंच जड लागतं. झबल्याचा पोटावरचा बंद ओढून बांधावा लागतो, तेवढं मात्र खरं. विनोद म्हणतो धुऊन आटला असेल. तो मुद्दाम तसं म्हणतो, म्हणजे मी फार आशा धरू नये.

पुण्याची चिठ्ठी आरशामागे आहे. मी बॅग भरून ठेवली आहे, गरज पडली तर शोधाशोध नको. तुझी गोधडी तेवढी निघताना वर ठेवीन. आता ती तिच्याच अंगावर घालते. आप्पांच्या खिशात तिची मूठ बरोबर बसते. सदऱ्याचं त्यांना सांगितलंस का?

सोमवारपासून विनोदला फर्स्ट शिफ्ट मिळाली आहे. साहेब म्हणाले, "मागून नाईट घेतोस, मागून परत देतोस, तुझं काय ते एकदा ठरव." त्यामुळे वजनाला तो नसेल. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून सुट्टी होईपर्यंत त्याला काहीच कळणार नाही. सुलक्षणाताई सकाळीच काटा लावणार आहेत. साळूबाई माझ्याबरोबर येतील.

अंगणवाडीतून घरी आले की मी तुला फोन करीन. काटा काहीही दाखवो, आधी तुलाच सांगीन. उचललास की मोठ्यानं बोल आई, हवं तेवढं ओरड. त्या वेळी आमच्याकडे कुणी झोपलेलं नसेल.

तुझी,
रश्मी